शहर म्हणालं ‘आता पुरे’, मग आजी-आजोबांच्या घरांचं काय झालं?

आजच्या भागाची ही लेखी आवृत्ती. ज्यांना प्रवासात ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ऐकलंय पण आकडे परत बघायचेत त्यांच्यासाठीही.

आजचा सगळा विषय एका आकड्याभोवती फिरतो : २९,०००.

कॅलिफोर्नियात प्लेझंटन नावाचं शहर आहे. सॅन फ्रान्सिस्कोपासून साधारण ६५ किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ८० हजारांच्या जरा आत. तुमच्यापैकी कुणाचा दादा, कुणाची मावशी बे एरियात असेल तर हे नाव कानावर आलं असेलच. आयटीवाल्यांचं शहर, चांगल्या शाळा, मागे हिरव्या टेकड्या. ‘वर्कडे’ या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालयही इथेच आहे.

तर १९९६ साली या शहराच्या मतदारांनी मतदान करून ठरवलं की शहरात एकूण २९,००० घरं होऊ द्यायची, त्यापुढे एकही नाही. हे ‘दरवर्षी इतकी’ असं नव्हतं, ‘कायमची इतकीच’ असं होतं.

अशा निर्णयांना तिकडे ‘ग्रोथ मॅनेजमेंट’ म्हणतात. आपण वाढीचं नियोजन म्हणू. शहर किती वाढावं, कुठे वाढावं आणि किती वेगाने वाढावं, हे नगरपालिकेने ठरवायचं. ऐकायला एकदम शहाणपणाचं वाटतं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की वाढ रोखणारा नियम प्रत्यक्षात फक्त इमारती मोजत नाही. शहरात कोण राहू शकेल, हेही तो ठरवतो. आणि हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते कमी उत्पन्नाच्या म्हाताऱ्या माणसांच्या घरांच्या प्रश्नात.

असा नियम लोक करतातच का?

‘श्रीमंत लोकांना शेजारी नको असतात’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण थोडं थांबू या.

प्लेझंटनने वाढीवर लगाम घालणारा पहिला नियम केला १९७८ मध्ये. तेव्हाची कारणं अगदी रोजची होती : सांडपाणी प्रक्रियेची क्षमता अपुरी पडत होती आणि हवेच्या प्रदूषणाची चिंता होती. म्हणजे बघा, गटार भरून वाहत असताना पालिका ‘जरा दमानं बांधा’ म्हणाली, यात चूक काय? टॅंकरच्या पाण्यावर राहणाऱ्या सोसायटीतल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे २००८ मध्ये इथल्या मतदारांनी टेकड्यांवरच्या बांधकामावरही निर्बंध आणले. तीव्र उतारावर आणि डोंगरमाथ्यालगत घरं नकोत, असा तो निर्णय. पुण्यात टेकड्या वाचवायला रस्त्यावर उतरणाऱ्या लोकांना तो लगेच पटेल.

पण यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवायला हव्यात. एक, ‘सोयी होईपर्यंत हळू बांधा.’ दोन, ‘इथे नको, तिथे बांधा.’ आणि तीन, ‘आता कधीच नको.’ पहिल्या दोन गोष्टी नियोजनाच्या आहेत. तिसरी म्हणजे दाराला कुलूप. २९,००० चा आकडा या तिसऱ्या प्रकारातला होता.

ऑफिसं हवीत, माणसं नकोत

आता गंमत ऐका. मर्यादा घातली ती घरांवर, ऑफिसांवर नाही. प्लेझंटनमध्ये १९८० च्या दशकापासून हॅसिएंडा नावाचं मोठं बिझनेस पार्क उभं राहत गेलं. १९९७ मध्ये तिथवर ‘बार्ट’ म्हणजे बे एरियाची लोकल पोचली. नोकऱ्या वाढल्या, शहराचा महसूल वाढला. पण तिथे काम करणारे सफाई कामगार, दुकानातले लोक, नर्स, शिक्षक यांनी राहायचं कुठे? लांबच्या गावात. आणि रोज हायवेवर तास-दोन तास.

कॅलिफोर्नियात १९६९ पासून एक कायदा आहे. प्रत्येक शहराने आपल्या आराखड्यात सगळ्या उत्पन्नगटांच्या घरांसाठी जागा दाखवायलाच हवी. किती घरांसाठी, तो आकडा राज्य आणि प्रादेशिक संस्था ठरवून देतात. लक्षात घ्या, पालिकेने स्वतः घरं बांधायची असा याचा अर्थ नाही. घरं बांधता येतील अशी जमीन नियमात मोकळी ठेवायची, एवढंच. आणि प्लेझंटनच्या वाट्याला आलेला आकडा त्या कमाल मर्यादेत मावत नव्हता.

२००६ मध्ये ‘अर्बन हॅबिटॅट’ या संस्थेने शहराविरुद्ध खटला भरला. खालच्या कोर्टाने तो काढून टाकला. २००८ मध्ये अपील कोर्टाने तो पुन्हा उभा केला. २००९ मध्ये राज्याचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल जेरी ब्राऊन, जे नंतर पुन्हा गव्हर्नर झाले, तेही शहराच्या विरोधात उतरले. आणि मार्च २०१० मध्ये निकाल लागला : मर्यादा बेकायदा.

कोर्टाने आणखी एक गोष्ट केली. आराखडा कायद्यात बसेपर्यंत शहराने घरांव्यतिरिक्तच्या बांधकामांना परवानगी द्यायची नाही, असं बजावलं. साध्या भाषेत सांगायचं तर, घरं अडवता ना, मग ऑफिसंही थांबवा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शहराने तडजोड केली, मर्यादा रद्द करायचं मान्य केलं आणि बिझनेस पार्कमधल्या काही जमिनी दाट वस्तीच्या घरांसाठी खुल्या केल्या.

म्हणजे मतदारांनी बहुमताने घेतलेला निर्णय कोर्टाने फिरवला. हे लोकशाहीविरोधी नाही का? हा प्रश्न मलाही पडला. पण मतदान केलं कुणी? जे आधीच आत राहत होते त्यांनी. ज्यांना तिथे राहायला यायचं होतं, त्यांना मत नव्हतंच. त्यांच्या वतीने बोलायला राज्याचा कायदाच होता.

दोन आजी, दोन वेगळी गणितं

आता ज्येष्ठांकडे वळू. समजा, एकाच गल्लीत दोन आजी राहतात. दोघी काल्पनिक आहेत, पण त्यांच्यावर लागू होणारे नियम खरे आहेत.

पहिल्या आजीने १९८० च्या आसपास घर विकत घेतलं. कॅलिफोर्नियात १९७८ साली मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केलं. त्यानुसार घराचा मालमत्ता कर खरेदीच्या किमतीवरून ठरतो आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्क्यांनी वाढते. बाजारात घर दहापट महाग झालं तरी आजीचा कर नाममात्र. पण ते विकून दुसरं लहान घर घ्यायचं म्हटलं, की सहसा कराचा हिशेब नव्या किमतीने सुरू. मग आजी चार बेडरूमच्या घरात एकटीच राहते आणि जिने चढताना गुडघे धरते. २०२० मध्ये मंजूर झालेल्या ‘प्रपोझिशन १९’ ने यातली वाट आणखी मोकळी केली. ५५ वर्षांवरच्या माणसाला जुन्या कराचा आधार घेऊन राज्यात तीन वेळा घर बदलता येतं. पण बदलून जायला तिथे लहान घर असायला तर हवं!

दुसरी आजी आयुष्यभर भाड्याने राहिली. तिची मिळकत म्हणजे सोशल सिक्युरिटीची पेन्शन. शहरात नवीन घरं नाहीत, नोकऱ्या मात्र येतायत, त्यामुळे भाडं वर. पेन्शन त्या वेगाने वाढत नाही.

घरांची संख्या गोठवली की पहिल्या आजीची संपत्ती वाढते आणि दुसरीच्या डोक्यावरचं छप्पर डळमळतं. दोघी एकाच वयाच्या, एकाच गल्लीतल्या, पण त्या नियमाने एकीला लखपती केलं आणि दुसरीला भाडेकरूंच्या रांगेत मागे ढकललं. म्हणून ‘ज्येष्ठ नागरिकांचं हित’ असं कुणी सरसकट म्हणालं, की मी विचारतो, कोणत्या ज्येष्ठांचं?

‘परवडणारं’ म्हणजे नक्की किती?

हा शब्द आपण बिल्डरच्या जाहिरातीत रोज वाचतो. अमेरिकेत त्याला ठरलेला अर्थ आहे : घरावरचा खर्च उत्पन्नाच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत.

पण उत्पन्न कुणाचं? इथे खरी मेख आहे. त्या भागातलं मधलं उत्पन्न काढतात आणि त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत ‘कमी’, ५० टक्क्यांपर्यंत ‘अतिकमी’, ३० टक्क्यांपर्यंत ‘अत्यंत कमी’ असे गट करतात. आता आयटीतल्या पगारांनी हे मधलं उत्पन्न कुठे नेऊन ठेवलंय पाहा. २०१८ साली सॅन फ्रान्सिस्को आणि शेजारच्या दोन काउंटींमध्ये चार माणसांच्या कुटुंबाची वर्षाची कमाई १,१७,४०० डॉलर असली, तरी केंद्र सरकारच्या हिशेबात ते कुटुंब ‘कमी उत्पन्न’ गटात बसत होतं!

दुसरी मेख. अशी बरीच घरं १९८६ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या करसवलत योजनेतून उभी राहतात. या योजनेत भाडं त्या गटाच्या उत्पन्नमर्यादेवरून ठरतं, भाडेकरूच्या खिशावरून नाही. म्हणजे ५० टक्क्यांच्या गटासाठीचं घर ३० टक्क्यांतल्या आजीला मिळालं, तर कागदावर ते ‘परवडणारं’ आणि तिच्यासाठी जडच. वेगळं भाडे-अनुदान मिळालं तरच तिचं जमतं.

म्हणून बातमीत ‘१०० परवडणारी घरं मंजूर’ असं वाचलं, की पुढचा प्रश्न विचारायचा : कोणत्या गटासाठी?

९० घरांची १८५ झाली, ती कशी?

आता जमलेल्या गोष्टीकडे येऊ. प्लेझंटनमध्ये ज्येष्ठांसाठी दोन जुन्या बैठ्या वसाहती होत्या, एकमेकींच्या जवळच. कॉटिंगर प्लेसमध्ये ५० घरं, प्लेझंटन गार्डन्समध्ये ४०. घरं जुनी झाली होती आणि वयस्कर माणसांना लागणाऱ्या सोयी त्यात नव्हत्या. शहराने ठरवलं की दोन्हींचा एकत्र पुनर्विकास करायचा. काम ‘मिडपेन हाउसिंग’ या ना-नफा संस्थेला दिलं. पहिल्या टप्प्यात १३१ घरं झाली, ती २०१७ मध्ये राहती झाली. दुसऱ्या टप्प्यात ५४. एकूण १८५. नाव ठेवलं कॉटिंगर गार्डन्स.

९० च्या जागी १८५, म्हणजे दुपटीहून जास्त. तेही शहराच्या जुन्या भागात, दुकानांच्या जवळ. आपल्याकडच्या पुनर्विकासासारखंच वाटतं ना? फरक एकच आणि तो मोठा. वाढीव घरं बाजारभावाने विकायला नव्हती, तीही कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना भाड्याने द्यायला होती.

मग पैसा कुठून आला? केंद्राच्या करसवलती, कर्जं आणि शहराचा ‘लोअर इन्कम हाउसिंग फंड’. या शेवटच्या फंडात पैसे येतात ते शहरात होणाऱ्या नव्या बांधकामांवरच्या शुल्कातून. नवी घरं, नवी ऑफिसं उभी राहिली की बिल्डर त्यात भर घालतो.

म्हणजे काय? वाढच थांबवली तर ज्येष्ठांच्या घरांची गुल्लकही रिकामी राहते. ‘वाढ नको, पण आमच्या म्हाताऱ्यांची सोय करा’ असं म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा मांडून बघावा.

आणि वेळ? चर्चा सुरू झाल्यापासून पहिला टप्पा उभा राहायला दहाहून जास्त वर्षं गेली. वयाच्या सत्तरीत वाट बघायला सुरुवात केलेल्या माणसासाठी दहा वर्षं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

ज्येष्ठांना या म्हणायचं, मुलांना नको?

आता एक जरा टोचणारी गोष्ट. जी शहरं घरांना विरोध करतात, तीच ज्येष्ठांच्या घरांना मात्र पटकन हो म्हणतात, असं अमेरिकेत वारंवार दिसतं. का? म्हातारी माणसं शाळेत मुलं पाठवत नाहीत, त्यामुळे शाळेचा खर्च वाढत नाही. गाड्या कमी, गोंगाट कमी. शिवाय आजी-आजोबांना ‘नको’ म्हणायला सभेत कुणाचीच जीभ रेटत नाही.

कायद्यातही वाट आहे. घर देताना मुलंबाळं असलेल्या कुटुंबाला नकार देणं तिकडे बेकायदा आहे. पण ठरावीक अटी पाळणाऱ्या ५५ किंवा ६२ वर्षांवरच्यांच्या वसाहतींना त्यातून सूट आहे. मग काही शहरं सरकारी आकडा पुरा करायला ज्येष्ठांची घरं दाखवतात आणि गरीब कुटुंबं, त्यांची मुलं, बाहेरच राहतात.

हे ओळखूनच न्यू जर्सी राज्याने मर्यादा घातली. शहराने द्यायच्या परवडणाऱ्या घरांपैकी वयाची अट असलेली किती चालतील, हे तिथे ठरलेलं आहे. २०२४ च्या कायद्यात ती कमाल ३० टक्के ठेवली आहे. प्लेझंटनच्या खटल्यातही हाच मुद्दा होता. तडजोडीबरोबर शहराने ठराव केला की मुलं असलेल्या कुटुंबांसाठीही परवडणारी घरं व्हावीत म्हणून प्रयत्न करू.

याचा अर्थ ज्येष्ठांची घरं नकोत असा मुळीच नाही. दुसरी आजी आठवा. घर तिला हवंच आहे. पण तिला पुढे करून कुणी दुसऱ्याला दाराबाहेर ठेवत असेल, तर ते ओळखता यायला हवं.

पुढे काय झालं? २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने आणखी एक कायदा केला. त्यामुळे राज्यातल्या बहुतेक शहरी भागात घरांच्या परवानग्यांवर वार्षिक कोटा लावणं किंवा बांधकाम सरसकट बंद ठेवणं शहरांना शक्य राहिलं नाही. नंतर त्याची मुदत २०३० पर्यंत वाढवली. आणि प्लेझंटनच्या वाट्याचा आकडा? २०१५ ते २०२३ या काळासाठी तो २,०६७ घरांचा होता. २०२३ ते २०३१ साठी तो ५,९६५ झाला.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे चित्र बरंचसं उलटं आहे. तिकडे कोर्टाने शहराला सांगितलं, बांधू द्या. इकडे कोर्टाला सांगावं लागलं, थांबा. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याच्या प्रश्नावरून मुंबईत नव्या बांधकामांना रोखलं. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटींसह ती बंदी शिथिल केली. पुण्यात बाणेर-बालेवाडीतही २०१६ मध्येच पाण्याच्या टंचाईवरून नव्या परवानग्यांवर कोर्टाने रोख लावला होता. म्हणजे १९७८ मध्ये प्लेझंटनने विचारलेला प्रश्न, ‘गटार आणि पाणी पुरेल का?’, आपल्या पालिकांनी वेळेवर विचारला नाही. तो कोर्टात जाऊन विचारावा लागला.

ज्येष्ठांच्या घरांचं काय? २०२४ मध्ये महारेराने ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांना मार्गदर्शक नियम दिले. व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट आणि दारं, न घसरणारी फरशी, आधाराचे कठडे. चांगली गोष्ट आहे. पण हे नियम घर कसं असावं ते सांगतात, केवढ्याला असावं ते नाही. दुसऱ्या टोकाला २००७ चा पालक आणि ज्येष्ठ नागरिक कायदा आहे. निराधार ज्येष्ठांसाठी राज्याने जिल्ह्यागणिक किमान एक, १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम उभारावा, असं तो म्हणतो. म्हणजे एका टोकाला महागडे प्रकल्प आणि दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रम. मधल्या माणसाचं, निवृत्त शिपाई, शिलाई करणारी काकू, पागडीच्या खोलीतले आजोबा यांचं घर कोणत्या कागदात आहे, ते शोधावं लागतं.

म्हणून तुमच्या शहराचा विकास आराखडा हरकती-सूचनांसाठी खुला होईल, तेव्हा पीडीएफ उघडून चार प्रश्न विचारा.

१. बांधकाम रोखणारा नियम ‘सोयी होईपर्यंत’ आहे की ‘कायमचा’?

२. ‘परवडणारं’ म्हणजे कोणत्या उत्पन्नाच्या माणसाला, आणि भाड्याने की विकत?

३. पैसा कुठल्या शुल्कातून येणार, आणि वाढ थांबली तर तो कुठून येणार?

४. या निर्णयावर ज्यांना मत देता येत नाही, त्यांच्या वतीने कोण बोलतंय?

हे प्रश्न विचारायला आर्किटेक्ट असावं लागत नाही. आणि आज पंचविशीत असाल, तर ज्या घरांचा निर्णय होतोय त्यांची गरज तुमच्या आईबाबांना पडायला फार वर्षं नाहीत.

तुमच्या पालिकेत असा एखादा ठराव झाला असेल, टेकडीचा, टॅंकरचा किंवा ज्येष्ठांच्या घरांचा, तर कळवा. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.